कातेलची होडी

मी कातेलची होडी बोलतेय. आवाज बारीक वाटला तर रागावू नका. चिखलात एका कुशीवर पडून बोलायचं म्हणजे दम लागतो, आणि माझ्या फळ्यांच्या फटींतून निम्मा आवाज बाहेरच गळून जातो. पण ऐकणारं कुणी भेटलंय तर सांगून टाकते.

माझा जन्म फ्रान्समधल्या ब्रेतानच्या किनाऱ्यावर, पोर्स-ग्वेन नावाच्या लहानशा बंदरात झाला. जोबिक नावाच्या सुताराने मला बांधलं. कण्याला ओक, अंगाला देवदारासारखं हलकं लाकूड. जोबिक कामाच्या वेळी फार शिव्या द्यायचा, पण रंधा मारताना हात असा हळुवार की मला शिव्या अंगाई वाटायच्या. एक डोलकाठी, दोन शिडं, पोटात एक खोली आणि त्या खोलीत उतरायला चार पायऱ्यांची शिडी, एवढाच माझा संसार.

मला बांधून घेतलं ते गिल्दास मास्तरांनी. गावच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे. रविवारी मला घेऊन बांगडे पकडायला निघायचे. त्यांची बायको कातेल कधी सोबत आलीच, तर पुढच्या बाजूला गुपचूप बसायची. सुकाणूच्या दांड्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती.

"तू डबा सांभाळ," मास्तर म्हणायचे.

ती डबा सांभाळायची. पण तिची नजर मास्तरांच्या हातांवर असायची. ती शिकत होती, हे मला कळत होतं. मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कातेल गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना पलंगावरून उचलायचं, आंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं. घरी आली की मुलगी नोलवेन, मग मास्तर, आणि शेवटी मास्तरांचं आजारपण. मास्तर गेले. नोलवेन नोकरीसाठी शहरात गेली. त्यानंतरच्या वसंतात कातेल एकटीच धक्क्यावर आली, माझ्यावर उतरली, दोर सोडला आणि दांडा हातात घेतला. बंदराच्या तोंडातून तिने मला सफाईने बाहेर काढलं. बाहेर पडल्यावर मोठ्याने म्हणाली, "इथे कुणाला उचलायचं नाही."

तेव्हापासून ती एकटीच यायची. बरोबर कुट्टूच्या पिठाची थंड धिरडी, खारं लोणी, दोन-चार पेअर आणि कॉफीचा थर्मास. लोकांना वाटायचं, बाईला दुःख झालंय. दुःख होतंच, पण त्याहून जास्त तिला शांतता हवी होती. माणसं एकट्या बाईकडे बघून लगेच हळहळतात. तिला विचारत मात्र नाहीत.

नोलवेनला हे मुळीच पसंत नव्हतं. एकदा धक्क्यावर उभी राहून तिने आईला बजावलं, "हे बघ आई, काही कमीजास्त झालं, कुणाला मदतीला बोलवावं लागलं, तर त्या दिवशी होडी विकायची. शब्द दे."

"दिला," कातेल म्हणाली. तिला वाटलं, तशी वेळ कशाला येतेय.

ती वेळ सप्टेंबरातल्या एका लख्ख दुपारी आली. समोरच्या बेटावर मुक्काम करून आम्ही परत निघालो होतो. सकाळी तिने नांगर एकटीने ओढला, शीड एकटीने चढवलं, काही झालं नाही. मग एक पेअर घरंगळत फळीखाली गेला. तो उचलायला ती वाकली.

बस, एवढंच. वजन म्हणाल तर एका पेअरचं.

तिच्या तोंडून आला तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती गुडघ्यांवर आली आणि मग कुशीवर माझ्या तळाशी पडली. हातातून दांडा सुटला. मी वाऱ्याकडे तोंड वळवलं, शिडं फडफडायला लागली, मोठ्या शिडाची आडवी काठी तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे झोडपत फिरू लागली. ती उभी असती तर डोकं फुटलं असतं. पण उभं राहणं दूरच, तिला मान वळवता येत नव्हती. श्वास घेतला तरी कंबरेत सुरी फिरत असावी असा तिचा चेहरा होत होता.

आणि समोर ओढा होता. बेट आणि किनारा यांच्यामध्ये समुद्र चिंचोळा होतो. ओहोटीच्या जोरात तिथलं पाणी उकळल्यासारखं उसळतं. एरवी कातेल पाणी थबकायची वाट बघूनच तिथून जायची. आता ओहोटी ऐन भरात होती आणि मी सैल सुटलेली, आडवी, तिकडेच वाहत चालले होते.

"श्वास धरून ठेवू नका," ती पुटपुटली. "आजोबा, श्वास सोडा. हळूच."

आजोबा कुणी नव्हते. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना ती जे सांगायची तेच स्वतःला सांगत होती.

हळूच श्वास सोडत तिने हात लांबवला. आधी मोठ्या शिडाचा दोर हाताला लागला. तो ओढून तिने काठीचं झोडपणं बंद केलं. मग पुढच्या लहान शिडाचा दोर उलट्या बाजूने ताणून बांधला. गळ्यातला रुमाल सोडून दांडा एका कडेला करकचून बांधला. प्रत्येक गाठीनंतर ती थांबायची आणि कपाळ माझ्या फळीला टेकवायची. कपाळ घामाने ओलं, गार. पण अशी बांधली की होडी पुढे जात नाही, वाऱ्याला खांदा देऊन जागच्या जागी डुलत राहते. माझं वाहणं मंदावलं. जे थोडं वाहत होते, तेही ओढ्याच्या तोंडापासून बाजूला. आम्ही दोघी जरा निवलो.

वायरलेस खाली खोलीत होता. ती उताणी होऊन, पाय आधी टाकत, पायरी-पायरीने खाली घसरली. तेवढ्या शिडीला किती वेळ लागला म्हणून सांगू! मधल्या पायरीवर तिचा ताबा सुटला, लघवीने कपडे ओले झाले. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची ओली अंथरुणं तोंड वाकडं न करता बदलली, ती तिथे पायरीवर डोकं टेकून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "होतं असं. त्यात लाजायचं काय?" हेही ती त्यांना सांगायचीच.

औषधाच्या डब्यातल्या गोळ्या तिने कोरड्याच गिळल्या. वायरलेस हातात घेतला. आणि बटण दाबेना.

का ते मला ठाऊक होतं. बटण दाबलं की मी गेले. तिने शब्द दिला होता, आणि कातेल शब्द फिरवणाऱ्यातली नव्हती. खोलीच्या जमिनीवर, गुडघे बाकावर टेकवून ती उताणी पडली होती आणि माझ्या छताच्या फळ्या बघत होती. बाहेर वारा चढत होता. माझ्या अंगावर लाट आपटली की तिचे दात करकरत. मी तिला काय सांगणार होते? मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, दाब बाई. मी लाकूड आहे.

तिने बटण दाबलं.

"एर्वान, एर्वान. ऐकतोयस का? कातेल बोलतेय."

एर्वान हा तिचा शाळेपासूनचा सोबती. खेकडे आणि शेवंडं पकडणारा, इंजिनाच्या होडीवाला, गावातला सगळ्यात बडबडा माणूस.

"बोल गं! काय झालं? शीड फाटलं का? सांगत होतो, शीड म्हणजे..."

"पाठ गेली माझी."

"पाठ गेली आणि तू मागे राहिलीस होय?" तो हसला. पलीकडून हसू परत आलं नाही, तसा तो एकदम गंभीर झाला. "कुठे आहेस? हलू नकोस. निघालोच."

किनाऱ्यावरच्या ठाण्यातल्या बाईनेही ते ऐकलं. बचावाची मोठी होडी दुसरीकडे अडकली होती, यायला उशीर होणार होता. "एर्वान येईपर्यंत मी बोलत राहते, चालेल ना?" ती म्हणाली. कातेलने "चालेल" म्हटलं. मग ती अनोळखी बाई तिला कशाकशाबद्दल विचारत राहिली. रात्री काय जेवणार इथपर्यंत. ओहोटीचा जोर उतरेपर्यंत त्या दोघी बोलत होत्या.

एर्वान आला. त्याला माझ्यावर उडी मारता येईना, लाटेने दोन्ही होड्या आपटल्या असत्या. त्याने दोर फेकला, तो माझ्या पुढच्या टोकाच्या खुंटीत अडकला, आणि त्याने ओढायला सुरुवात केली. पहिल्याच हिसक्याला कातेल अशी किंचाळली की त्याने घाबरून इंजिन थांबवलं.

"सोड! सोड तो दोर!" ती ओरडली. "प्रत्येक हिसका कंबरेत बसतोय. मी शिडावर येते."

"शिडावर? तुला उठता तरी येतंय का?"

"नाही."

"मग दिसणार काय तुला, ढग?"

"ढग आणि शिडाचं टोक. तेवढं पुरे. बाकीचं तू बघ."

ती परत वर आली. ते चढणं मी सांगत बसत नाही. गोळ्यांनी थोडी धार बोथट झाली होती, एवढंच. तळाशी उताणी पडून तिने दांड्याला दोन दोर बांधले, एक एका हातात, दुसरा दुसऱ्या. लहान शीड सोडून सरळ केलं. ओढ्यातलं पाणी थबकलं होतं. आम्ही निघालो.

एर्वान बाजूने चालला होता आणि ओरडत होता. "उजवीकडे घे! पुरे, पुरे! आता तशीच ये! लाट येतेय मोठी, दात आवळ!" जन्मभर गावाने त्याच्या बडबडीला नावं ठेवली, त्या दुपारी ती बडबड हेच तिचे डोळे होते. खडक गेले, दीपगृह गेलं. तिला यातलं काही दिसलं नाही. तिची नजर माझ्या डोलकाठीच्या टोकावर होती आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं.

बंदरात चार माणसं तिला उचलायला वाकली तर ही पडल्या पडल्या खेकसली, "कंबरेतून नका रे वाकू! गुडघे मोडा, गुडघे! नाहीतर उद्या माझ्या शेजारी पलंगावर याल."

नोलवेन दुसऱ्या दिवशी आली. काही बोलायच्या आधीच कातेल म्हणाली, "विकते. शब्द दिलाय."

आणि तिने मला विकलं. एर्वानला!

एर्वानला शिडाचं काडीचं प्रेम नव्हतं. पण शनिवार आला की तो घरी येऊन म्हणायचा, "माझी होडी जरा फिरवून आणायचीय, मला काही जमत नाही. येतेस का?" कंबरेला रुंद पट्टा बांधून कातेल दांड्यापाशी बसायची, तो दोर ओढायचा, शिव्या खायचा. नोलवेनला सगळं कळलं. ती एवढंच म्हणाली, "दोघंही लबाड आहात." पण नंतर कधी तो विषय काढला नाही.

असे बरेच उन्हाळे गेले. मग एर्वान गेला. कातेल आता त्याच आश्रमात आहे जिथे ती कामाला होती. दुसरं कुणी तिची कूस बदलतं. आणि माझ्या फळ्या कुजल्या. जोबिकचा नातू मला ठोकून बघून म्हणाला, "हिच्यात आता खिळा धरत नाही."

गेल्या वर्षी गावाने ठरवलं, मला रस्त्याच्या चौकात ठेवायचं. पोटात माती भरायची, वर लाल फुलं लावायची. जुन्या होड्यांचं असं करतात इथे. येणारेजाणारे थांबून फोटो काढतात. माणसांना म्हातारी वस्तू सजवलेली बरी वाटते, थकलेली बघवत नाही.

सभेत नोलवेन उठून उभी राहिली. जिने मला विकायला लावलं तीच.

"ती माझ्या आईची होडी आहे," ती म्हणाली, "कुंडी नाही."

म्हणून मी आज खाडीच्या टोकाला आहे, माझ्यासारख्याच जुन्या सांगाड्यांच्या ओळीत. फार थकलेय. तुमच्याकडे मागणं एकच आहे, मला सजवायला कुणी येऊ नका, आणि दुरुस्त करायलाही नको. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला जातं, जाताना दरवेळी माझा एखादा तुकडा सोबत नेतं. नेऊ दे.

चाललंय तेवढं पुरे. पाणी चढतंय, माझ्या बोलण्याच्या फटीपर्यंत आलंच आता. तुम्ही वर सरका, तुमचे पाय भिजतील.