पायांची शिदोरी

दूर पूर्वेकडच्या एका बेटावर, मांगराईच्या डोंगरात, शिकायला निघालेल्या माणसाला कुणी तसंच जाऊ देत नाही. अंगणात चटया पडतात. घरातला वडीलधारा पांढरा कोंबडा हातात धरून पूर्वजांना सांगतो, हा अमक्या घरचा, शिकायला निघालाय, याची वाट मोकळी ठेवा. याला म्हणतात पायांची शिदोरी. पोरींच्याही पायांना वाट चालावी लागते, हे मात्र गावाच्या फार उशिरा लक्षात आलं.

ओदिलियाचा भाऊ रोमानुस कॉलेजला निघाला तेव्हा गावाने डुक्कर कापलं, ढोल बडवले. पुढच्याच वर्षी स्वारी गिटार घेऊन परत आली, ती अजून तीच वाजवते आहे. मग ओदिलिया निघाली, कोबीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. "परक्या घरी जायची पोर, तिच्यासाठी कोंबडा कशाला वाया घालवायचा?" असं तिचा बाप, एमा गालुस, म्हणाला होता; वडीलधाऱ्यांना तिकडे एमा म्हणतात, म्हणजे बाबा. ती पदवी घेऊन आली, शाळेत गणिताची बाई झाली, शेजारच्या गावच्या कानिसशी लग्न करून दोन लेकरांची आईही झाली.

आता तिला समुद्रापलीकडे, जोगजाच्या विद्यापीठात, एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती मिळाली होती. इंग्रजीच्या परीक्षेचं केंद्रसुद्धा दुसऱ्या बेटावर. बोटीत उलट्या करत गेली आणि तशाच गरगरत्या डोक्याने पेपर लिहून आली. जाणार हे नक्की होतं. पण या खेपेला चोरासारखं जायचं नाही, एवढीच तिची इच्छा होती. आणि ती कुणापाशी मागणारही नव्हती. मागून घेतलेली शिदोरी कसली?

इकडे दोन्ही घरं ढिम्म. एमा गालुस म्हणाला, "लग्न करून दिली, आता ती त्यांच्या घरची. मान त्यांचा." सासरे एमा दोनातुस म्हणाले, "लेक त्यांच्या घरची. सून देणारे व्याही मानाने वरचे, त्यांच्या पुढे आपण मिरवायचं? लोक तोंडात शेण घालतील." दोघेही रीतीला धरूनच बोलत होते, आणि रीत पाळता पाळता कोंबडा राहून चालला होता.

"तू बोल ना तुझ्या बापाशी," कानिस म्हणाला.

"तुझ्या बापाला काय तोंड नाही?" ओदिलिया फणकारली आणि बॅगेची चेन ओढताना तिचे डोळे भरून आले.

निघायच्या सकाळी ती बुटाची नाडी बांधत होती. तेवढ्यात सासरे परसातून आले. काखेत पांढरा कोंबडा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"बघतेस काय? चटई टाक. व्याह्यांना लाज नाही म्हणून आपणही सोडायची का?"

चटई अंथरते न अंथरते तोच वळणावर ढोल वाजले. माहेरचं सगळं गाव चालत येत होतं. मागे रोमानुस गिटारसकट, आणि पुढे एमा गालुस. त्याच्याही काखेत पांढरा कोंबडा.

"हे काय, व्याही?" दोनातुस कडाडले. "एका माणसाला दोन कोंबडे? पूर्वजांचा गोंधळ उडेल! काल तर मान आमचा म्हणत होता!"

"मान तुमचाच," गालुस म्हणाला. "आत्ताचा कोंबडा तुमचाच."

"मग हा कशाचा?"

"हा ट्रकच्या वेळचा."

गालुस चटईवर बसला, कोंबडा छातीशी धरला आणि खणखणीत आवाजात पूर्वजांना म्हणाला, "ही ओदिलिया. माझी लेक. पहिल्यांदा शिकायला निघाली तेव्हा मी तुम्हाला कळवलंच नाही. तरी शिकून आली. आता कळवतोय. रागावायचं तर माझ्यावर रागवा."

ओदिलिया हमसून हमसून रडली, आणि रडता रडताच हसायला लागली, कारण दोन्ही कोंबडे एकमेकांवर धावून गेले होते आणि दोन्ही म्हातारे त्यांच्यामागे पळत होते.

दोन्ही कोंबड्यांची आतडी सरळ निघाली. म्हणजे वाट मोकळी. तिला न्यायला आलेला बसवाला हॉर्न वाजवून कंटाळला, शेवटी उतरून तोही रस्सा-भात ओरपायला बसला.

"ओदिलिया, येताना गिटार आणू नकोस," रोमानुस म्हणाला. "घरात एक पुरे."

सगळं गाव बसला लोंबकळलेलं पाहून ड्रायव्हरने तोंड पुसत विचारलं, "कुठल्या घरची म्हणायची ही?"

दोन्ही म्हातारे एकदमच ओरडले, "आमच्या!"