नटवी

"हात असाच ठेवा, आजोबा. बोटं हलवा, मनगट नाही," असं म्हणत तिने ओल्या पट्टीचा शेवटचा वेढा घेतला आणि तळव्याने ती गुळगुळीत करत राहिली. प्लास्टर घट्ट व्हायच्या आधी गरम होतं आणि माणसं घाबरतात. तेवढा वेळ त्यांना बोलण्यात गुंतवायचं, हे ती इस्पितळाच्या प्लास्टररूममध्ये बावीस वर्षांत शिकली होती.

या आजोबांना गुंतवायची गरज नव्हती. ते मघापासून तिच्याकडेच बघत होते. एप्रनच्या आत निळा रेशमी पोशाख, कानांत मोती, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, ओठांवर गडद लाल रंग. लग्नाला निघालात वाटतं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, घरच्या माणसाचा निरोप समारंभ आहे, आज निवृत्ती.

"अरे वा. साहेब काय करतात?"

"बस चालवतात," ती म्हणाली.

आदरार्थी बहुवचनाचे तिच्यावर फार उपकार होते. चालवतात, येतात, म्हणतात. यात बाई की पुरुष, कुणाला कळायला मार्ग नाही. खोटं बोलावं लागत नव्हतं आणि खरं सांगावं लागत नव्हतं. पण आज आजोबांची पाठ वळल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. एप्रन खुंटीला अडकवताना ती 'चालवतात' हाच शब्द दोनदा पुटपुटली आणि अर्ध्या दिवसाची रजा लावून बाहेर पडली.

इस्पितळात तिला पाठीमागे 'नटवी' म्हणत. नाव ठेवणाऱ्यांना वाटे, आपणच ते शोधून काढलं. खरं तर ते तिच्या आईने ठेवलं होतं, ती नऊ वर्षांची असताना. आई वैतागून म्हणायची, पण म्हणता म्हणता तिच्या वेणीचा पेड नीट करायची. त्यामुळे हा शब्द तिला कधी लागला नाही.

ती जिच्यासोबत सव्वीस वर्षं राहत होती, तिला डेपोत सगळे 'वस्ताद' म्हणत. चिंचोळ्या गल्लीतून लांबलचक बस उलटी काढावी तर तिनेच. मानेवर बारीक कापलेले केस, पँट-शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दोघी रस्त्याने चालल्या की लोक वस्तादकडे बघत, मागून काहीबाही बोलत. हिला मात्र दुकानात खुर्ची मिळे, रांगेत जागा मिळे. "असल्या बाईच्या नादी कशाला लागलात?" असं शेजारणीने एकदा चक्क कळवळून विचारलं होतं. वस्ताद सगळं ऐकून घ्यायची आणि घरी आल्यावर बराच वेळ हात धूत बसायची.

बरं, आपल्यातल्या बायकांनी तरी हिला ओळखावं? शिवणवर्गाच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी त्यांच्यासारख्या, बायकांवरच जीव जडलेल्या दहा-बारा जणी जमत. पहिल्यांदा ही तिथे गेली तेव्हा हिचा थाट बघून दारातल्या बाईने सांगितलं, शिवणाचा वर्ग उद्या असतो. वस्तादशी तिची ओळख तिथेच झाली. पुढे दोघी एकत्र राहायला लागल्यावर तिथलीच एक थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, अशा नटव्या दोन-तीन वर्षं राहतात आणि मग लग्नाची पत्रिका पाठवतात. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी तिने केस कापून टाकले, वस्ताद घालते तशा दोन पँट घेतल्या आणि लिपस्टिक फेकून दिली. चार महिने ती आरशासमोर उभी राहायची टाळत होती. खोलीतल्या बायका खूश झाल्या. ती मात्र उसन्या कपड्यांत पाहुणी आल्यासारखी वावरत होती.

पुढे केस वाढले, लिपस्टिक परत आली, तसा वस्तादच्या मनात किडा वळवळला. एके सकाळी ती आरशासमोर काजळ घालत होती. वस्तादने विचारलं, हे सगळं कुणासाठी? विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की हिला राग आला नाही.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "कुणा पुरुषासाठी तर नाहीच. मला नटायला आवडतं आणि मला तू आवडतेस. मी एकच बाई आहे, दोन नाही."

त्यानंतर वस्तादने पुन्हा कधी विचारलं नाही. उलट तिच्या वाढदिवसाला दुकानात जाऊन, चार पोरींच्या गराड्यात मान खाली घालून, लाल रंगाच्या सात छटा मनगटावर ओढून बघून एक लिपस्टिक आणली होती. नेमकी तिच्या ओठांवर खुलणारी.

आणि आज सकाळी तीच वस्ताद दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून म्हणाली होती, "आज जरा साधीच ये. भाऊ येणार आहे. मागच्या रांगेत बसलीस तर बरं."

भाऊ हिला 'ताईच्या भाडेकरू' म्हणायचा. सव्वीस वर्षं. दुष्टपणाने नव्हे, त्याला दुसरा शब्द सापडला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता. वस्तादच्या शर्टाला इस्त्री करता करता तिच्या लक्षात आलं, की आपल्याला लपवणं फार सोपं आहे. वस्तादला लपायची सोयच नव्हती. ती नुसती रस्त्यावर उतरली तरी जगाला उत्तर मिळत असे. आपल्याला बघून कुणाला काही कळत नाही, म्हणून आपल्या वाट्याचं बोलणंही तीच ऐकत आली. आपल्याला ते तोंडाने सांगावं लागणार, आणि आपण ते एकदाही सांगितलं नाही. मग तिने कपाट उघडून निळा रेशमी पोशाख काढला.

डेपोच्या दुरुस्ती शेडमध्ये मधली जागा रिकामी करून खुर्च्या मांडल्या होत्या. डिझेलचा वास तसाच होता. पुढच्या टेबलामागे वस्ताद, डेपोचे व्यवस्थापक, आणि घरच्यांसाठी दोन खुर्च्या. त्यांवर भाऊ आणि वहिनी बसले होते. ती आत शिरली तेव्हा टाचांचा आवाज लादीवर असा काही वाजला, की अर्ध्या शेडने मान वळवली. मागच्या रांगेत एक खुर्ची मोकळी होती. ती तिथे बसली. एवढी तयारी करून आली होती, पण पाय पुढे जाईनात.

भाषणं झाली. एका मेकॅनिकने सांगितलं, पुराच्या पाण्यात वस्तादने चाळीस माणसांनी भरलेली बस कशी बाहेर काढली. वस्ताद मान खाली घालून टेबलावरची नसलेली धूळ पुसत होती. मग व्यवस्थापक म्हणाले, घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावेत. भाऊ उठला. ताई लहानपणापासून हट्टी, असं म्हणाला, लोक हसले. मग म्हणाला, "ताईने संसार केला नाही. बसलाच संसार मानलं. एकटीने दिवस काढले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादने मान वर केली आणि मागच्या रांगेकडे बघितलं. त्या नजरेत 'ये' नव्हतं, 'येऊ नकोस'ही नव्हतं. चूक पकडली गेल्यावर पोर बघतं, तशी ती बघत होती.

मागच्या रांगेतली ती उठली. शेडमधल्या लांबलचक वाटेवरून टाचा वाजवत पुढे आली. व्यवस्थापकांनी अदबीने माईक दिला आणि विचारलं, आपण यांच्या बहीण का?

"नाही," ती म्हणाली. "भाऊंचं एक चुकलं. ही एकटी राहिली नाही. सव्वीस वर्षं मी हिच्या घरी आहे, आणि ही माझ्या. हिचा डबा मी भरते, माझे बूट ही पॉलिश करते. संसार म्हणतात तो हाच, आमचा झालेला आहे. कुणाला माझ्याकडे बघून ते वाटत नाही, म्हणून सांगितलं."

मागे कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू यायला लागला. दोघे-तिघे उठून बाहेर गेले. कुणीतरी घसा साफ केला. वहिनीचा चेहरा पडला. मग पुराची गोष्ट सांगणारा मेकॅनिक आपल्या जागेवरून म्हणाला, "वस्ताद, तो कोबीच्या वड्यांचा डबा यांच्या हातचा होय? मग इतकी वर्षं नुसती आमची जीभ कशाला चाळवलीत? घरी बोलवायचं की." हसू फुटलं. सगळ्यांच्या तोंडावर नाही, पण पुरेशा तोंडांवर.

भाऊ उभाच होता. त्याने तिच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि आपली खुर्ची तिच्या बाजूला सरकवली. स्वतः टेबलाच्या कडेला हात बांधून उभा राहिला. ती बसली. वस्तादने खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावायच्या ऐवजी तिच्या हातात दिला, कारण रडत तीच होती. काजळ पसरलंय का, तिने हळूच विचारलं. वस्ताद म्हणाली, थोडं पसरलंय, पण छान दिसतंय.

परतताना दोघी बसने निघाल्या. वस्ताद इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डेपोतून प्रवासी म्हणून बसत होती. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर दोघी बसल्या, ती खिडकीशी. ड्रायव्हर पोरगेला होता, गिअर जरा खरडत होता. वस्तादने ओठ आवळले. पहिला थांबा आला, तशी वस्तादची उजवी टाच जमिनीवर रोवली गेली आणि पाऊल ब्रेकवर असल्यासारखं हळूहळू पुढे दाबलं गेलं. दुसऱ्या थांब्यालाही तसंच झालं. तिसऱ्यालाही. वस्तादचं स्वतःचं लक्षही नव्हतं, ती बाहेर बघत होती.

हिने ते बघितलं. मग आपले दोन्ही पाय खिडकीच्या बाजूला घेतले, आणि वस्तादच्या पायाला जागा करून दिली.