आंदोंगच्या पुढची स्टेशनं

पहाटे पाचच्या प्रार्थनेला आमच्या चर्चमध्ये एकेकाळी साठ माणसं यायची. आता पाच येतो, आणि त्या पाचांत पाळकसाहेब धरलेले आहेत. आमच्या उइसोंगचा लसूण अजून भरघोस येतो. तो सोलत बसणारी माणसं तेवढी एकेक करून टेकडीवर पुरली गेली, नाहीतर राजधानीत, सोलला राहायला गेली.

आमची प्रार्थनेची पद्धत अशी. पाळकसाहेब दिवे मालवतात. सगळे मिळून तीनदा ‘प्रभू!’ म्हणून ओरडतात. मग ज्याने त्याने आपापली प्रार्थना मोठ्याने करायची, सगळ्यांनी एकाच वेळी. साठ माणसांच्या त्या कल्लोळात शेजारच्याचंही अक्षर कळत नाही. त्यामुळे माणूस देवाला खरं सांगतो. न्हाणीघराला जसं दार, तसा प्रार्थनेला तो आवाज. आत्म्याच्या स्वच्छतेसाठी याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

पाच माणसांत हे दार राहत नाही. गेल्या हिवाळ्यात थोकसुन मावशींनी अंधारात आपल्या सुनेचं गाऱ्हाणं देवाच्या कानावर घातलं. सून शेजारच्याच बाकावर होती. तेव्हापासून दोघी रोज पहाटे उत्तर आणि दक्षिण कोरिया एक व्हावेत म्हणून प्रार्थना करतात. घरात अजून बोलणं नाही.

गावात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे, म्हणून चर्चचे माइक आणि भोंगे माझ्याकडे. अकरा वर्षांपूर्वी एका आजारी बाईला घरी ऐकवायला म्हणून आम्ही पहाटेची प्रार्थना टेप केली होती. ती जुन्या खोक्यात सापडली. मी पाळकसाहेबांना म्हटलं, "ही मागून लावली तर? गर्दी आहे असं वाटेल."

पाळकसाहेब तरुण आहेत, सोलहून आलेले, आणि परत जायची वाट बघणारे. ते म्हणाले, "हे शास्त्रात बसतं का?"

"शास्त्राच्या वेळी भोंगे नव्हते."

"मग लावा."

लावली. साठ जण एकदम देवाशी बोलू लागले. त्यातले चाळीसेक तरी आता खरोखरच देवाजवळ असावेत. त्या आवाजाच्या आडोशाने थोकसुन मावशी पुन्हा सुनेवर आल्या, सून सासूवर आली, आणि उत्तर कोरियाची सुटका झाली. मलाही बरं वाटलं. गेली कित्येक वर्षं मी त्या कल्लोळात प्रार्थना करत नाही, मागवायच्या मालाची यादी म्हणतो. होल्डर, फ्यूज, दोन कोरची वायर. ओठ हलत राहतात. बाकीचं कोण बघतं?

चौथ्या दिवशी दिवे लागले तेव्हा मालसुन आजी भोंग्याला कान लावून उभ्या होत्या. वय एक्याऐंशी, पाठ लसूण लावणाऱ्या बाईची, म्हणजे काटकोनात.

"गीबम," त्या मला म्हणाल्या, "यात आमचे हे आहेत."

दाल्सू आजोबा जाऊन आठ वर्षं झाली होती. जन्मभर रेल्वेत गार्ड. आजींनी मागे लागून बाप्तिस्मा घ्यायला लावला, आणि मग रोज पहाटे बाहीला धरून चर्चला आणलं. जेवताना त्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नाही. मरताना तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, ‘विश्वास ठेवता ना?’ तर म्हणाले, ‘पाणी द्या.’ पाणी दिलं, आणि संपलं. आठ वर्षं आजी एकाच प्रश्नावर अडकल्या होत्या : हा माणूस गेला कुठे? आपण मेल्यावर भेटणार की नाही?

"रोज माझ्या शेजारी बसून पुटपुटायचे," त्या म्हणाल्या. "काय ते मला कधी ऐकू आलं नाही. माझंच तोंड चालू असायचं. तू त्यांचा आवाज वेगळा काढ. एवढं एक ऐकलं की मी जायला मोकळी."

दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि हेडफोन लावून बसलो. माइक त्यांच्या बाकाजवळ होता. बायकांचे उंच आवाज कापत गेलो, तसा खालून एक घोगरा, संथ आवाज वर आला.

छंगन्यांगनी. यांगसू. यांगप्यंग. योंगमुन. वोन्जू. जेछन. दान्यांग. पुंगी. यंग्जू. आंदोंग.

सोलहून इकडे येणाऱ्या गाडीची स्टेशनं, ओळीने. जरा थांबून पुन्हा छंगन्यांगनी. वीस मिनिटांत सहा फेऱ्या झाल्या. देवाचं नाव एकदाही नाही. बायकोचंही नाही.

खरं सांगायचं तर मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात शटरखालून आजी वाकून आत आल्या. त्यांना फारसं वाकावं लागलं नाही. हातात उकडलेल्या बटाट्यांची पिशवी.

"खा आधी. वाळलायस. बायको जेवायला घालते की नाही? बरं, निघाला आवाज?"

"निघाला. तुमच्यासाठी प्रार्थना करतायत, आजी. तुमच्या गुडघ्यांसाठी."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "अकरा वर्षांपूर्वी माझे गुडघे ठणठणीत होते. खोटं बोलायला शीक जरा, व्यापारी माणूस ना तू? आण इकडे ते."

हेडफोन त्यांच्या पांढऱ्या केसांवरून घसरत होता. मी तो हाताने धरून उभा राहिलो. पहिल्या फेरीला त्यांचे ओठ हलले नाहीत. दुसऱ्या फेरीला हलले. तिसऱ्या फेरीला त्यांनी हेडफोन काढला आणि हातात आवळून धरलेला बटाटा टेबलावर ठेवला.

"आंदोंगला ड्यूटी संपायची," त्या म्हणाल्या. "तिथं दुसरा गार्ड चढायचा. हे पुढच्या गाडीने घरी यायचे."

मी हेडफोनची वायर गुंडाळू लागलो.

"मला वाटायचं, देवाला माझी गाऱ्हाणी सांगतायत. म्हणून मी आणखी जोरात ओरडायचे, की माझं आधी ऐकू जावं." त्या हसल्यासारख्या झाल्या. "मेला नोकरीवर होता."

"आजी, पाळकसाहेबांना विचारू या का? याला प्रार्थना म्हणता येईल का ते?"

"त्या पोराला काय विचारायचं? तो हो म्हणेल. म्हातारीला नाही कोण म्हणतं?"

पिशवी तशीच ठेवून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मी आणि भोंग्याचं बटण यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आज हे बंद."

पाळकसाहेबांनी दिवे मालवले. आम्ही तीनदा ‘प्रभू!’ म्हणालो. पाच माणसांची हाक, भिंतीपर्यंत जाऊन परत आली. सासू-सुना नाइलाजाने उत्तर कोरियाकडे वळल्या. आणि मग मालसुन आजींनी सुरुवात केली. छंगन्यांगनी, यांगसू, यांगप्यंग. सावकाश, एकेक स्टेशन, गाडी खरंच थांबत असल्यासारखं. यंग्जूपर्यंत सासू-सुना गप्प झाल्या. आंदोंगला आजी थांबल्या. मलाही वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून.

"उनसान," आजी म्हणाल्या. "दानछोन. उइसोंग."

मग त्याच आवाजात, शेजारच्या रिकाम्या जागेला सांगावं तसं : "उतरा आता. घर आलं."

त्यानंतर देवाला : "ते उतरले की नाही, तुला दिसत असेल. मला काही दिसत नाही."

पाळकसाहेबांनी आमेन म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. दिवेही लावले नाहीत. अंधारात कुणाचंच तोंड चालत नव्हतं, आणि प्रार्थनेची अजून दहा मिनिटं बाकी होती. मी सवयीने यादी सुरू करायला गेलो. होल्डर म्हणायला ओठ उघडले आणि तसेच मिटले. सगळ्यांना ऐकू गेलं असतं.