फिल्टरमधले गहू

वॉशिंग मशीनच्या पोटात पाणी तसंच उभं होतं, आणि दोष कोणाचा हे मी ते उघडण्याआधीच ठरवून टाकलं.

"आई, गालिचे कोंबलेत ना? गावची नदी वाटली का ही?"

हे मी सासूबाईंना, एवान्थियांना, ऐकवलं. सासरे झीसिस जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून त्या आमच्याकडे, व्होलोस शहरात राहत होत्या. माझं बोलणं ऐकून त्या टबात हाताने कपडे धुऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भावाला फोन केला. "शनिवारी गाडी घेऊन ये. इथे माझ्यामुळे नुकसानच होतंय."

शनिवारी सकाळी माझी बायको फोतिनी खेकसली, "पांदेली, जिभेचा पट्टा आवर आणि ते मशीन उघड. आई कायमची चाललीय."

मी प्लग काढला, खाली टॉवेल आणि परात ठेवली आणि तळाचं, फिल्टरचं झाकण फिरवलं. काळं पाणी भळाभळा आलं. आत पंपाचं पातं अडकलेलं. बोटाने उकरलं तर फुगलेले गहू निघाले. मग बदाम. मग पांढऱ्या पुडीचा तुकडा, त्यावर क्रूस आणि झीसिसचं अर्धं नाव.

सासरे गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, प्रार्थनेनंतर चर्चबाहेर वाटलेले गोड गहू. ते तिथेच खायचे आणि 'देव त्यांना शांती देवो' म्हणायचं. मला मॅच गाठायची होती. पुडी जाकिटाच्या खिशात कोंबली आणि विसरलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला स्वतःची शिसारी आली, तरी मूठ मिटली. सगळं टाकून द्यायला संडास हातभर अंतरावरच होता.

"काय निघालं रे?" दारात सासूबाई, काळ्या कपड्यांत, हातात पिशवी. "माझ्याच एप्रनमधलं काही असेल. बाकी सगळ्यांचे खिसे मी तपासते. तुझे तेवढे नाही. जावयाच्या खिशात हात घालू नये."

खाली हॉर्न वाजला. मी मूठ उघडली.

"माझ्याच खिशातले आहेत, आई. बाबांचे गहू. मी खाल्लेच नाहीत."

त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी तो कागदाचा तुकडा उचलून छातीशी धरला.

"तुझ्या पुडीत बदाम जास्त घातले होते," त्या म्हणाल्या. "तुला आवडतात म्हणून."

मला मान वर करवेना. "जाऊ नका, आई."

 त्यांनी पिशवी खाली ठेवली. "हे गटारात टाकू नकोस, कुंडीत पूर. आणि खाली जा. मी का येत नाही ते माझ्या भावाला तूच सांग."

मी ओल्या हातांनी चार मजले उतरलो. भाऊ गाडीतून ओरडला, "कुठेय ती? आता आणखी काय मोडलं तिने?"

बाल्कन्यांत शेजारणी कान टवकारून उभ्या होत्या. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्याने.