जांभईने उचललेला हात

चिंचपोकळीच्या चाळीत जयवंतरावांच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षाघाताने लुळा पडलेला त्यांचा डावा हात मागच्या शनिवारी वर गेला होता. आज पुन्हा जाणार होता. चिंतामणीबुवा मीठमोहऱ्या ओवाळत होते आणि भलामोठा आ वासून जांभया देत होते.

"कसली जबरी दृष्ट! जांभईवाटे सगळी माझ्यात उतरतेय. गोळ्या बंद ना? डॉक्टरी औषधाने दृष्ट आत गोठते!"

"बंद केल्यात, बुवा," जयवंतरावांच्या पत्नी सुभद्राबाई म्हणाल्या.

या दोघांची लेक सीमा फिजिओथेरपिस्ट. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वडिलांचा, अण्णांचा रक्तदाब चढलेला, दुसरा झटका आला तर ते हाती लागणार नव्हते. आठवडाभर तिने घसा फोडला. पण घरच्या पोरीचं ऐकतंय कोण!

इतक्यात जयवंतरावांनाही जांभई आली आणि लुळा हात हळूहळू छातीपर्यंत उचलला गेला.

"चमत्कार!" चाळ दणाणली. जांभई संपली, हात खाली पडला. तेवढं फक्त सीमाने पाहिलं.

"अण्णा, आता उचला."

जयवंतरावांनी जोर लावला. बोटही हललं नाही. मग सीमाने त्यांच्यासमोर बसून मोठी जांभई दिली. त्यांनाही ती आली. हात वर!

"अगो बाय, तुझ्यातय शक्ती इली!" शेजारच्या सुंदराकाकी तिच्या पायांकडे वाकल्या.

सीमाने कपाळावर हात मारून घेतला. "काकी, पाया कसल्या पडता? तुम्ही द्या जांभई!"

"मी?" म्हणेपर्यंत काकींना ती आलीच. पाठोपाठ जयवंतरावांना. हात पुन्हा वर.

"आता सगळे काकींच्या पाया पडा!" सीमा कडाडली. "हात हलवायचा हुकूम मेंदूच्या वरच्या भागातून निघतो, खाली मेंदूच्या देठात येऊन बाजू बदलतो आणि हाताकडे जातो. अण्णांची ती वाट वरच तुटलीय. जांभई मात्र देठातच तयार होते, आणि तिथून हाताकडे जाणारी दुसरी वाट शाबूत आहे. म्हणून जांभईबरोबर हात उठतो. पण त्या हाताने घास घेता येत नाही. त्यासाठी व्यायाम हवा. आणि माणूस जगायला गोळ्या हव्यात!"

बुवा चपला शोधू लागले. "देवाचं काम..." एवढंच पुटपुटले.

"बुवा, रोग्याच्या तोंडासमोरच जांभया का देता, तेवढं सांगून जा," सीमा म्हणाली. "आणि तुम्ही सगळे, हात जोडण्याआधी एक प्रश्न तरी विचारत जा!"

जयवंतरावांनी उजवा हात बायकोपुढे केला. "गोळी आण. तो हात मी उचललाच नव्हता. पण मला कुणी विचारलंच नाही."