घरात सायकल एकच

धाकटीचं सगळं आयुष्य एका पदकावर उभं होतं. सोळाव्या वर्षी ती बीएमएक्सच्या, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरच्या सायकल स्पर्धेच्या, अंतिम शर्यतीत पहिली आली, म्हणून नाव झालं, आणि नाव झालं म्हणून शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. वर्षभरानं मोठी असलेली ताई मात्र उपांत्य फेरीतच गळली. पुढे ती पडदे शिवायला लागली. धाकटी तिला अजून चिडवायची, "शेवटच्या वळणावर तुझ्या पायांत गोळे आले होते ना गं?" ताई नुसती हसायची.

गेल्या महिन्यात आईच्या तोंडून निसटलं. "गोळे कसले डोंबलाचे! तुझ्या गटातून तू आधीच अंतिम फेरीत पोचली होतीस. घरात सायकल एकच. ताईसुद्धा पोचली असती तर एका सायकलवर दोघी बसला असतात का? मुद्दाम पाय आवरले तिनं."

धाकटीच्या पायाखालची जमीनच सरकली. शाळेत शिट्टी वाजवतानासुद्धा तिला वाटायचं, ही शिट्टी खरी ताईची. शेवटी ती ताईच्या शिवणयंत्रापुढे जाऊन उभी राहिली.

"खरं सांग. तू मला हरवलं असतंस?"

तोंडातल्या टाचण्या काढत ताई म्हणाली, "मला काय माहीत? आपली शर्यत झालीच कुठे?"

मग काय, पन्नाशीपुढच्या बायकांच्या शर्यतीत धाकटीनं दोघींची नावं घातली. या वेळी सायकली दोन. ताईचा चष्मा हेल्मेटात बसेना. तिचा नवरा म्हणाला, "या वयात हे काय खूळ!" पण ताई कुणाचं ऐकते थोडीच!

पुढची चाकं सुरुवातीच्या रेषेवरच्या गेटला टेकवून दोघी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या.

"ताई, माझ्यावर दया केलीस तर जन्मात बोलणार नाही."

"गप गं. पुढे बघ."

गेट खाली पडलं आणि शर्यत सुटली. मातीच्या पहिल्या उंचवट्यावर धाकटी पुढे होती. वळणावर ताईनं आतून मुसंडी मारली आणि तिला मागे टाकलं. ताईला गाठायच्या नादात धाकटीनं शेवटच्या उंचवट्यावर नको तेवढा जोर लावला, चाक तिरकं पडलं आणि ती धाडकन मातीत आपटली.

"आई गं!"

ताईनं वळून पाहिलं. लहानपणापासून धाकटीला नुसतं खरचटलं तरी हातातलं टाकून धावणारी ताई ती! धाकटीला वाटलं, थांबते की काय ही बया?

छे! मान खाली घालून तिनं असे काही पाय मारले की बघणारे अवाक् झाले. रेषा ओलांडताच ताईनं दोन्ही मुठी वर केल्या आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

धाकटी मातीतच बसून राहिली. पदक आपलं नव्हतं, हे आता पक्कं झालं होतं, आणि ते झोंबलं, खूप झोंबलं. पण ताईला असं ओरडताना तिनं आजवर कधीच ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? सतराव्या वर्षी ओरडायचं ते ताईनं धाकट्या बहिणीसाठी पोटात ठेवलं होतं.

मदतीला धावत आलेल्या मुलीनं विचारलं, "काकू, रडताय का? फार लागलं का?"

"ती बघ," धाकटी नाक पुसत म्हणाली, "ती माझी ताई आहे."