हिवाळी बिअरचं पिंप आणि मालकाचं नाक

मी पिंप बोलतोय. पाणी भरायचं प्लॅस्टिकचं पिंप नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक सरसकट सगळ्यांना एकाच मापानं मोजतात. मी ओकच्या लाकडाचा. पोट सुटलेलं, आणि अंगाला लोखंडी पट्टे आवळलेले. पट्टे आहेत म्हणून मी आहे, नाहीतर माझ्या नुसत्या फळ्या उरल्या असत्या.

एका सुतारानं मला बांधलं. त्यानं फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या आणि एकमेकींना अशा खेटून बसवल्या की मध्ये सुईसुद्धा जाणार नाही. शेकताना जो खरपूस वास लागला तो माझ्या अंगात मुरला. माझी जी काही किंमत होती ती त्या वासाची.

माझा मालक घरामागच्या शेडमध्ये हातानं, थोडी थोडी बिअर करायचा आणि पुढच्या खोलीत तीच लोकांना प्यायला द्यायचा. उन्हाळ्यात एल नावाची फिकट, हलकी बिअर. ती स्टीलच्या टाक्यांत व्हायची आणि लोक ती घटाघट रिचवायचे. माझा तिच्याशी संबंध नव्हता. माझं काम फक्त हिवाळी बिअरचं. काळपट होईपर्यंत भाजलेले जव, संत्र्याची वाळकी साल, चिमूटभर लवंग. पानगळीत ती माझ्या पोटात जायची आणि कडाका पडला की बाहेर यायची. काळीभोर, दाट बिअर. ती पिताना माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. मला ते फार आवडायचं.

मालकाच्या दोन सवयी होत्या. भरण्याआधी तो माझ्या वरच्या भोकाचं बूच काढायचा, भोकाला नाक लावायचा आणि लांब श्वास घ्यायचा. ठीक वाटलं तर मान डोलवायचा, मगच भरायचा. आणि भरल्यावर, माझ्या पुढच्या गोल फळीत एक बारीक खिळा ठोकलेला होता, तो अधूनमधून उपसायचा. दोऱ्यासारखी धार यायची. ती पेल्यात धरायची, हुंगायची, चाखायची आणि खिळा परत दाबून बसवायचा. बिअर तयार झाली की नाही, हे ठरवायचा हक्क त्या नाकाचा. त्याच्या लेकीलाही त्यात बोलायची मुभा नव्हती.

एका हिवाळ्याच्या शेवटी मी रिकामा झालो आणि त्याच सुमारास मालक तापानं आडवा झाला. मला विसळलं होतं, पण तळाशी पाणी तसंच राहिलं आणि वर बूच बसलेलं. लेक बिचारी बापाचं बघणार, दुकानाचं बघणार, की माझं? उन्हाळाभर ते पाणी माझ्या पोटात साचून राहिलं. मला आतून बुरशी चढली. मी कुबट झालो.

मालक बरा झाला, पण पहिल्यासारखा नाही. एकदा शेडमध्ये आला, दार लोटून घेतलं आणि मुठीतल्या लवंगा चुरडून नाकाशी धरल्या. मग संत्र्याची साल. मग चक्क रॉकेलचा बोळा. तापानं त्याची वासाची जाण नेली होती. जिभेला कडू-गोड तेवढं कळत होतं, बाकी सगळं गप्प. तो माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाला, "हे कुणाला कळलं तर मी संपलोच की रे." लेकीला सांगितलं नाही. जेवताना मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करायचा, तेवढंच.

पानगळ आली. नेहमीप्रमाणे त्यानं बूच काढलं आणि नाक लावलं. अहो, आत असा वास होता की उंदीर पळाला असता. त्यानं लांब श्वास घेतला, लेक बघत होती म्हणून मान डोलवली आणि ताजी बिअर माझ्यात ओतली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

पुढं तो खिळा उपसून चाखायचा, तेव्हा जिभेला सगळं ठीक लागायचं. तो म्हणायचा, "येतेय, येतेय."

बिअर उघडायचा दिवस आला. बाहेर श्वासाची वाफ दिसेल इतकी थंडी. पुढची खोली भरलेली, स्वेटर-मफलर गुंडाळलेली नेहमीची मंडळी. मला मधोमध मांडलं होतं. पहिला पेला पोस्टमनला, दुसरा निवृत्त शाळाबाईंना. मालकानं स्वतः घोट घेतला आणि म्हणाला, "जमलीय यंदा."

शाळाबाईंनी पेला खाली ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. पोस्टमननं आणखी एक घोट घेऊन पाहिला. तो माणूस सरळ आहे.

"नवीन प्रकार आहे का काही?" त्यानं विचारलं. "जरा ओल्या गोणपाटासारखी लागतेय."

लेकीनं पेला उचलला, हुंगला, आणि तिचा चेहरा उतरला. बापाकडे तिनं एकदाच पाहिलं. मग हसून म्हणाली, "हो, यंदा मुद्दाम वेगळं केलंय. लाकडाचा वास जास्त उतरू दिला. काहींना आवडतो."

सगळ्यांनी तोंडदेखल्या माना हलवल्या. इथंच मिटलं असतं. मालकाला नुसतं "हो" म्हणायचं होतं. नाहीतर पिंप जुनं झालं, खराब निघालं, असं म्हणून मला लाथ घातली असती तरी चाललं असतं.

"आपण वेगळं काही केलेलं नाही," मालक म्हणाला. मग लेकीला विचारलं, "काय वास येतोय?"

"राहू दे ना बाबा, नंतर बोलू."

"मला कळत नाहीये, म्हणून विचारतोय. ताप आला तेव्हापासून मला वास येत नाही. पिंप भरायच्या आधी मी हुंगल्याचं नाटक केलं. काय वास येतोय, सांग."

"कुबट," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस."

शेवटी पोस्टमन उठला, स्वतःच्या हातानं पेला मोरीत ओतून आला आणि म्हणाला, "टाकीत उन्हाळ्यातली फिकट उरलीय का? तीच द्या." त्या कडाक्यात सगळ्यांनी कुडकुडत उन्हाळी एल प्यायली. मालकही प्यायला. माझ्यातली सगळी बिअर दुसऱ्या दिवशी मोरीत गेली.

मला उकळतं पाणी घातलं, सोडा घातला, उन्हात ठेवलं. पण लाकडात शिरलेली बुरशी निघत नाही. आता मी शेडबाहेर पत्र्याखाली उभा आहे. वाळून फळ्या सुटायला लागल्यात, एक पट्टा घसरून खाली आलाय. उद्या फोडून शेकोटीत घालतील. माझी तक्रार नाही, मी जळेनसुद्धा छान.

आत माझ्या जागी नवीन पिंप आहे. पुन्हा हिवाळा लागलाय. काल दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. लेकीनं खिळा उपसला आणि चाखलं.

"अजून कच्ची आहे, बाबा."

"कच्ची म्हणजे कशी? नीट सांग."

"भाजल्याचा वास पुढं येतोय. संत्रं मागं राहिलंय. म्हणजे आहे, पण लाजतंय."

मालक म्हणाला, "संत्रं लाजतंय ना? मग कडाका पडू दे. घाई करू नकोस."

तिनं खिळा दाबून बसवला.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. थंडीत कुणी तुमच्या हातात काळ्या बिअरचा पेला दिला, तर लगेच तोंडाला लावू नका. आधी हुंगून बघा. संत्र्याचा वास येतोय का? येत असेल, तर शेजारच्याला सांगा कसा येतोय ते. त्याला येत असेलच असं नाही.